तोफेला कबरस्तानात जागा कोणी दिली?

लखनौची रेसिडेन्सी पाहून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये दोन फोटो हमखास सापडतात. एक गोळ्यांनी चाळण झालेल्या विटांच्या भिंतीसमोरचा. दुसरा हिरवळीवर मांडून ठेवलेल्या जुन्या तोफेजवळचा. कोणी तिच्यावर हात टेकवलेला असतो, कोणी लेकराला घोड्यावर बसवावे तसे तिच्यावर बसवलेले असते. याच आवारात, पडक्या चर्चच्या भोवती, कबरस्तान आहे. तिथे फारसे कोणी फोटो काढत नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

माझा आक्षेप त्या तोफेला आहे. पोरे तिच्यावर बसतात म्हणून नव्हे. पोरे कशावरही बसतात. माणसे जिथे पुरली आहेत तिथे तोफेला स्मारक म्हणून मांडले, तर १८५७ च्या बाबतीत ती नुसती सजावट राहत नाही. त्या वर्षी तोफेने दोन कामे केली. एक, भिंती पाडल्या आणि माणसे मारली. दुसरे, मारलेल्या माणसाला कबर मिळणार नाही अशी व्यवस्था केली. पहिल्या कामाबद्दल रेसिडेन्सीत बरेच काही सांगितले जाते. कोणती बॅटरी कुठे होती, कोणत्या खोलीत गोळा पडला, सगळे. दुसऱ्या कामाबद्दल तिथून बाहेर पडणाऱ्या दहा माणसांना विचारून पाहा.

आधी कबरींविषयी बोलू, कारण त्यांच्याशी माझे भांडण नाही. ३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि त्याच दिवसापासून रेसिडेन्सीला वेढा पडला. आत सुमारे तीन हजार माणसे होती. त्यांत बायका होत्या, मुले होती, मार्टिनियर शाळेतले विद्यार्थी होते, आणि जवळपास सातशे हिंदी शिपाई होते, जे इंग्रजांच्या बाजूने लढले. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि आउट्रम आत घुसले तोवर सत्त्याऐंशी दिवस झाले होते. गोळ्यांनी, पटकीने, देवीने, जुलाबाने माणसे मरत होती. रात्रीच्या अंधारात घाईघाईने खड्डे खणून एकेका खड्ड्यात अनेकांना पुरले जात होते. सुमारे दोन हजार माणसांचे अवशेष या कबरस्तानात आहेत असे सांगितले जाते. त्यांत तान्ही मुले आहेत. त्यांच्या दगडांपुढे उभे राहून कोणाला 'हे आपले शत्रू होते' असे वाटत असेल तर त्याने एकदा स्वतःकडे पाहावे.

आमच्या धर्मात याबाबत संदिग्धता नाही. रस्त्याने एक मय्यत चालली होती, पैगंबर (स.) उठून उभे राहिले. ही तर यहुद्याची मय्यत आहे, असे कोणीतरी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की तोही एक जीवच नव्हता काय. हदीसच्या सर्वांत विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या संग्रहांत हा प्रसंग आहे. तेव्हा रेसिडेन्सीतल्या एकाही कबरीला हात लागता कामा नये. जनरल नीलच्या कबरीलाही नाही. हा नील अलाहाबाद आणि कानपूरच्या रस्त्याने झाडाझाडाला माणसे टांगत आला, कानपुरात फाशीच्या आधी कैद्यांना रक्त चाटून साफ करायला लावले, आणि २५ सप्टेंबरला लखनौत गोळी लागून मेला. मद्रासेत माउंट रोडवर त्याचा पुतळा होता. लोकांनी त्याविरुद्ध आंदोलने केली आणि १९३७ साली राजाजींच्या काँग्रेस सरकारने तो हलवून संग्रहालयात ठेवला. पुतळा हलवला ते योग्यच झाले. कबर मात्र आहे तिथेच राहावी. पुतळा हे जिवंत माणसांनी केलेले विधान असते, ते मागे घेता येते. कबरीत विधान नसते, तिथे एक मेलेला माणूस असतो.

मग तोफ कोणत्या बाजूला बसते? पुतळ्याच्या की कबरीच्या?

रेसिडेन्सीच्या इतिहासातच तोफेची एक गंमत आहे, फार कडवट गंमत. सर हेन्री लॉरेन्स हा अवधचा चीफ कमिशनर. चिनहटला जाताना त्याने आठ इंची हॉवित्झर सोबत नेली होती. पराभवात ती बंडवाल्यांच्या हाती पडली. त्यांनी ती रेसिडेन्सीसमोर आणून लावली. त्याच तोफेचा एक गोळा लॉरेन्सच्या खोलीत येऊन फुटला, पण तो वाचला. लोकांनी खोली बदला म्हणून सांगितले, त्याने उद्या बदलतो म्हटले. २ जुलैला दुसरा गोळा त्याच खोलीत आला. ४ जुलैला लॉरेन्स मेला आणि याच कबरस्तानात पुरला गेला. कंपनीची तोफ, कंपनीचा दारूगोळा, कंपनीनेच शिकवलेले गोलंदाज आणि कंपनीचाच चीफ कमिशनर. तोफेला निष्ठा नसते. जो बत्ती लावतो तिचा तो धनी. म्हणून तोफ कोणाचेच स्मारक होऊ शकत नाही. तिच्यापुढे लावलेली पाटी काय ते बोलते, आणि पाटीवर सहसा लांबी, धातू आणि गोळ्याचे वजन यापलीकडे काही नसते.

वेढ्यानंतर इंग्रजांनी ही जागा पडकीच ठेवली. भिंती दुरुस्त केल्या नाहीत, मुद्दाम केल्या नाहीत. बुरुजावर युनियन जॅक रात्रंदिवस फडकत ठेवला. साम्राज्यात इतरत्र झेंडा सूर्यास्ताला उतरे, इथे उतरत नसे. टेनिसनने या वेढ्यावर कविता लिहिली. जागोजागी दगडी पाट्या लागल्या. १८७५ च्या सुमारास इंग्रजांच्या बाजूने मेलेल्या हिंदी शिपायांसाठीही एक स्तंभ उभा राहिला. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, तो झेंडा गाजावाजा न करता उतरवला गेला आणि त्याचा दांडाही काढून टाकण्यात आला. १९५७ साली, शंभर वर्षे झाली तेव्हा, रेसिडेन्सीसमोर गोमतीच्या काठी पांढऱ्या संगमरवराचे शहीद स्मारक उभारले गेले.

म्हणजे झेंडा काय बोलतो हे आपल्याला कळले, तो उतरवला. मेलेल्या आपल्या माणसांसाठी काही हवे हे कळले, ते रस्त्यापलीकडे उभारले. तोफांकडे मात्र कोणी त्या नजरेने पाहिले नाही. त्या हिरवळीवरच राहिल्या, बागेतल्या बाकांसारख्या.

आता रस्त्यापलीकडच्या मेलेल्यांकडे या. वेढा घालणारे जे हजारो मेले ते कुठे आहेत? १६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने सिकंदर बाग घेतली. नवाब वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी बांधलेली ही भिंतीबंद बाग. एकाच दिवसात आत दोन हजारांच्या आसपास शिपाई कापले गेले, कारण बाहेर पडायला वाट नव्हती. इंग्रजांनी आपले मेलेले पुरले. बाकीची प्रेते तशीच राहिली. काही महिन्यांनी फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार आला आणि त्याने बागेच्या अंगणात पसरलेल्या हाडांसह फोटो काढला. तो फोटो जगप्रसिद्ध आहे. ती हाडे फोटोसाठी उकरून नीट मांडली असावीत असे अनेक अभ्यासक म्हणतात. म्हणजे या माणसांना माती मिळालीच नाही, किंवा मिळालेली मातीही फोटोसाठी काढून घेतली गेली. दोन्हीतले काय जास्त वाईट ते वाचकानेच ठरवावे.

ही एकट्या सिकंदर बागेची गोष्ट नाही. मौलवी अहमदुल्लाह शाह, ज्यांनी लखनौत आणि फैजाबादेत बंडाचे नेतृत्व केले, ते जून १८५८ मध्ये पवायांच्या राजाच्या दारात मारले गेले. राजाला पन्नास हजारांचे बक्षीस मिळाले, मौलवींचे डोके शाहजहानपूरच्या कोतवालीवर टांगले गेले, धड जाळण्यात आले. मुसलमानाचे धड जाळणे यातला हेतू समजावून सांगावा लागत नाही. बहादूरशाह जफर १८६२ मध्ये रंगूनला वारले, त्याच दिवशी त्यांना पुरले आणि वरून गवताचे आच्छादन घातले, जेणेकरून जागा ओळखू येऊ नये. ती कबर सापडायला १९९१ उजाडावे लागले, तेही बांधकामासाठी खोदताना. बेगम हजरत महल तेवढ्या सुटल्या. नेपाळात गेल्या, १८७९ मध्ये वारल्या, काठमांडूच्या मशिदीजवळ त्यांची कबर आहे.

इंग्रज मेलेल्यांशी लढत होते असे वाटावे इतके हे सातत्याने दिसते. आणि या लढाईतले त्यांचे मुख्य हत्यार तोफ होते.

मराठीत 'तोफेच्या तोंडी देणे' हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. अमक्या मंत्र्याने तमक्या अधिकाऱ्याला तोफेच्या तोंडी दिले, असे बातमीत येते. तिचा शब्दशः अर्थ असा: माणसाला तोफेच्या तोंडाशी करकचून बांधायचे, आत नुसती दारू भरायची, गोळ्याचीही गरज नसे, आणि बत्ती द्यायची. समोर त्याच्याच पलटणीतले शिपाई रांगेत उभे करायचे. १० जून १८५७ रोजी पेशावरला ५५व्या पलटणीच्या चाळीस शिपायांना असे उडवले. पंजाबात, उत्तरेत ठिकठिकाणी हे झाले. कोल्हापुरात २७व्या पलटणीच्या बंडवाल्या शिपायांनाही ही शिक्षा झाली. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात या शिक्षेचे समर्थन करताना दोन मुद्दे सारखे येतात. एक, मरण क्षणात येते म्हणून ही दयाळू शिक्षा आहे. दोन, हिंदू आणि मुसलमान दोघांनाही मरणापेक्षा मरणानंतरची विटंबना जास्त भयंकर वाटते, म्हणून ही परिणामकारक शिक्षा आहे. दुसऱ्या मुद्द्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. मारायला गोळी होती, फास होता, झाडे होती.

मुसलमान मेला की चार गोष्टी समाजावर बंधनकारक होतात: गुसल, कफन, नमाज-ए-जनाजा आणि दफन. हे फर्ज-ए-किफाया आहे. कोणीतरी केले की सगळे सुटतात, कोणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. देहाचे तुकडे झाले असतील तर काय करायचे यावरही आमच्या फकिहांनी तपशिलात लिहून ठेवले आहे. हनफी मताप्रमाणे अर्ध्याहून अधिक देह, किंवा शिरासह अर्धा देह सापडला तर जनाज्याची नमाज होते. त्याहून कमी सापडले तर कपड्यात गुंडाळून पुरायचे, नमाज नाही. शाफई मताप्रमाणे मृत्यू नक्की असेल तर सापडलेल्या एखाद्या भागावरही नमाज पढता येते. उत्तरेकडचे सुन्नी शिपाई बहुतेक हनफी. तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचा अर्धा देह कोण गोळा करणार होते, आणि करू कोण देणार होते? त्याच्या शेजारच्या तोफेला बांधलेल्या ब्राह्मण किंवा राजपूत शिपायाला अग्नी कोण देणार होते? अस्थी कुठल्या, आणि गंगा कुठली? घारी-गिधाडांना मात्र सगळे कळत असे, अशी वर्णने आहेत. ती मी इथे देत नाही.

मुंबईकरांसाठी एक तारीख सांगतो. १५ ऑक्टोबर १८५७. एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, दोन शिपायांना तोफांच्या तोंडी दिले गेले. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया. दिवाळीत उठाव करण्याचा कट केल्याचा आरोप होता आणि पोलीसप्रमुख फोर्जेटने तो हुडकून काढला होता. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा तेव्हा शाळकरी होते. आपल्या आठवणींत त्यांनी या दिवसाविषयी लिहिले आहे. सीएसएमटीला उतरून रोज त्या मैदानावरून जाणाऱ्यांना ही नावे विचारली तर किती जण सांगतील? एक हुसेन, एक मंगल, एकच संध्याकाळ. १८५७ मध्ये हिंदू-मुसलमान एकत्र होते की नव्हते यावर चर्चासत्रे भरवणाऱ्यांनी निदान हे लक्षात ठेवावे की तोफेपुढे त्यांना एकत्रच उभे केले गेले.

(आणि आपल्याकडच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर १८५७ मध्ये इतके हजार उलेमा शहीद झाले, इतक्या कोसांपर्यंत झाडांवर उलेमा लटकत होते, असे आकडे फिरतात. आधार कोणी देत नाही. आकडा दर वर्षी वाढतो. बाबांनो, आकडे फुगवायची गरज नाही. दोन नावे नीट सांगता आली तरी पुरे. आणि त्यांतले दुसरे मंगल गाडियाचे आहे, ते गाळू नका.)

आलम बेग या हवालदाराची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत जास्त छळते. तो सियालकोटच्या ४६व्या बंगाल पलटणीतला. १८५८ मध्ये त्याला तोफेच्या तोंडी दिले. तोफेने सहसा शिर शाबूत राही, ते उडून पडे. एका इंग्रज अधिकाऱ्याने आलम बेगचे शिर उचलले, साफ केले आणि मायदेशी नेले. १९६३ मध्ये ती कवटी केंट परगण्यातल्या वॉल्मर गावच्या एका दारूच्या गुत्त्यात सापडली. डोळ्याच्या खोबणीत एक चिठ्ठी होती. तिच्यात हा कोण, त्याला कसे मारले आणि त्याने कोणाचे खून केले, असे लिहिलेले होते. इतिहासकार किम वॅगनर यांनी यावर पूर्ण पुस्तक लिहिले आहे. चिठ्ठीत ज्या हत्यांचा आरोप आहे त्या आलम बेगने केल्या नसाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या गुत्त्याचे नाव काय होते माहीत आहे? 'द लॉर्ड क्लाइड'. लखनौला सिकंदर बागेत दोन हजार माणसे कापून रेसिडेन्सी सोडवणारा कॉलिन कॅम्पबेल, त्यालाच पुढे लॉर्ड क्लाइड हा किताब मिळाला. म्हणजे रेसिडेन्सीच्या त्या तोफेपासून निघालेली वाट एका गुत्त्यातल्या फळीपर्यंत जाते.

तर आता हरकती. त्या येणार हे ठाऊक आहे.

पहिली: ही शिक्षा इंग्रजांनी शोधलेली नाही, मोगलही ती देत, मराठेही देत. खरे आहे. वाक्प्रचार आपल्या भाषेत इंग्रजांबरोबर आला नाही, तो आधीपासून होता. मोगलांच्या तोफेलाही कबरस्तानात जागा नाही आणि पेशव्यांच्या तोफेलाही नाही. माझा मुद्दा तोफेच्या धन्याचा नाहीच. ज्यांना 'पण तुमच्या बादशहांनीसुद्धा' असे म्हणायचे असते त्यांना वाटते की मी बादशहांचा वकील आहे. मी वकील असलोच तर उडवल्या गेलेल्यांचा आहे.

दुसरी: बंडवाल्यांनीही अत्याचार केले. केले. कानपूरच्या बिबीघरात शंभराहून अधिक बायका-मुले मारली गेली आणि प्रेते विहिरीत टाकली गेली. त्यांनाही कबर नाकारली गेली, तीही आपल्या माणसांकडून. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हेच माप मी तोफेला लावतो आहे. त्या विहिरीवर इंग्रजांनी संगमरवरी देवदूत उभारला होता आणि तिथल्या बागेत हिंदी माणसाला मुक्त प्रवेश नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो देवदूत ऑल सोल्स चर्चच्या आवारात हलवला, बाग नानारावांच्या नावाने सगळ्यांना खुली झाली. आकाश कोसळले नाही. मेलेल्यांचा अपमानही झाला नाही. स्मारके हलवता येतात, आपण हलवलेली आहेत.

तिसरी हरकत वारसाप्रेमींची: तोफ ही कला आहे, धातुशास्त्र आहे, तिला राजकारणात ओढू नका. मला तोफांचे वावडे नाही. विजापूरच्या शेरझा बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही आमच्या अहमदनगरात १५४९ मध्ये रूमी खानाच्या देखरेखीखाली ओतलेली. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती. एवढे प्रचंड धूड एका ओतकामात काढणाऱ्या कारागिरांना सलामच करावा लागतो. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला, दीडशे रुपयांची बोली आली आणि सुदैवाने विक्री रद्द झाली. पण ती तोफ बुरुजावर आहे. तिचे तोंड बाहेर आहे. उभे राहिलात की तुम्हाला कळते की ही कोणाची वाट पाहत होती. जंजिऱ्याची कलाल बांगडी अशीच समुद्राकडे तोंड करून आहे. बुरुजावरची तोफ आपले काम लपवत नाही. कबरींच्या शेजारी हिरवळीवर आणली की ती एकदम म्हातारी, थकलेली, शोकात सामील झालेली दिसू लागते. जणू तीही त्या लढाईत कामी आली. हीच लबाडी मला खुपते. ती मेलेली नाही. तिने मारले आहे.

आणि चौथी, जी कोणी तोंडाने बोलणार नाही पण मनात असेल: हा मुसलमान ब्लॉगवाला लखनौच्या तोफेचे दळण का दळतोय, महाराष्ट्रात प्रश्न कमी आहेत का? कमी नाहीत, आणि त्यातलाच हा एक आहे. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडा म्हणून महाराष्ट्रात केवढे वातावरण तापले ते सगळ्यांनी पाहिले. नागपुरात दंगल झाली. औरंगजेबाची बाजू मी इथे मांडत नाही, मला ती मांडायचीही नाही. पण जमाना असा आला आहे की तोफेला फुले वाहायची आणि कबर उखडायची. ज्या अफजलखानाला मारले त्याचेही दफन नीट केले, ही शिवछत्रपतींची थोरवी म्हणून महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. मरणाबरोबर वैर संपते, हे आपल्या आजीआजोबांना पाठ होते. १८५७ मध्ये याच्या उलट कोण वागले ते वर लिहिले आहेच. कबरी उखडणाऱ्यांनी आपण कोणाचा वारसा चालवतो आहोत हे एकदा तपासावे. तो प्रतापगडाचा नाही, शाहजहानपूरच्या कोतवालीचा आहे.

मग करायचे काय? फार काही नाही. रेसिडेन्सीच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचे १८५७ चे संग्रहालय आहेच. तोफा तिथे न्याव्यात. छताखाली, भिंतीच्या आत, इतर हत्यारांच्या रांगेत. अवजड आहेत, आत मावणार नाहीत असे कोणी म्हणेल, तर संग्रहालयाच्या दाराशी ठेवा, पण कबरस्तानाकडे जाणाऱ्या वाटेवर नको. कबरी, पडके चर्च, भिंती, आवारातली बेगम कोठी, इमामबाडा आणि मशीद, हे सगळे जसे आहे तसे राहू द्या. हिंदी शिपायांचा तो स्तंभही राहू द्या. पोटासाठी चुकीच्या बाजूने मेलेला माणूसही मेलेलाच असतो.

आणि तोफेशेजारी पाटी लावा. लांबी, रुंदी, वजन खुशाल द्या. त्याखाली एवढे लिहा की १८५७-५८ मध्ये अशा तोफांच्या तोंडाशी जिवंत माणसे बांधून त्यांना उडवण्यात आले, ते हिंदू होते आणि मुसलमान होते, आणि त्यांना अग्नी किंवा माती मिळू नये हा या शिक्षेचा एक हेतू होता. हिंदी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत लिहा. आझाद मैदानाच्या कडेला हीच पाटी मराठीत लावा, दोन नावांसकट.

आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्यात मय्यत समोर नसताना, दूर कुठे असताना, गायबाना नमाज-ए-जनाजा पढता येते. हनफी भावांत ती पढत नाहीत. वॅगनर यांनी सुचवले आहे की आलम बेगची कवटी परत आणावी आणि रावी नदीतल्या एका बेटावर तिचे दफन करावे. त्रिम्मू घाटाच्या लढाईनंतर सियालकोटचे शिपाई तिथेच आसऱ्याला गेले होते. ती जागा आज भारत आणि पाकिस्तानच्या सीमेवर येते. म्हणजे कबर खणायची तर दोन्ही देशांच्या फौजांना विचारावे लागेल, आणि फौजा त्या काठावर आजही तोफा घेऊनच बसलेल्या आहेत.